केमो चालू असताना मन खचलं तर: सोलापूरच्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी

केमोला गेलं की सिस्टर ठरलेले प्रश्न विचारतात. ताप आला होता का? उलट्या किती झाल्या? जुलाब? तोंडात फोड? आपण उत्तरं देतो, त्या लिहून घेतात, डॉक्टर त्याप्रमाणे औषध बदलतात. मनाचा प्रश्न या यादीत बहुतेक वेळा नसतोच. कुणी विचारत नाही, म्हणून आपणही सांगत नाही.

मी सोलापूरची. युनिफॉर्म शिवण्याच्या कारखान्यात हिशेब बघते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालंय, हार्मोनची गोळी अजून चालू आहे. केमोच्या मधल्या काळात मला डिप्रेशन आलं, त्यावर वेगळा उपचार झाला आणि ते उतरलं. मी डॉक्टर नाही. कोणतं औषध द्यायचं हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण कधी सावध व्हायचं, कुणाकडे जायचं, तिथे नेमकं काय बोलायचं आणि कशाला बळी पडायचं नाही, एवढं मी सांगू शकते.

माझं म्हणणं थोडक्यात असं: डिप्रेशन हा उपचाराच्या काळात होणारा एक त्रास आहे, उलटीसारखाच. उलटी झाली म्हणून कुणी स्वतःला भित्रं म्हणत नाही. ती सांगतो, केसपेपरवर लिहिली जाते, गोळी मिळते. याचंही तसंच करायचं.

आणि हो, ‘मेलेलं बरं’ असं सारखं मनात येत असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी पायरी ३ वाचा.

१. दुःख की डिप्रेशन, आधी हे बघा

कॅन्सर कळल्यावर रडू येणं, झोप उडणं, चिडचिड होणं हे होणारच. रिपोर्ट हातात आल्यावरचे काही दिवस तर डोकं बधिरच असतं. ते हळूहळू ओसरतं. अशा दुःखात माणूस रडतो, पण नातवाने काही वेडंवाकडं बोललं की हसतोही. शेंगाचटणीचा वास आला की जीभ चाळवते. वाईट वाटणं लाटेसारखं येतं नि जातं.

डिप्रेशनमध्ये लाट ओसरत नाही. रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, निदान दोन आठवडे यातलं काही चालू असेल तर सावध व्हा:

- कशातच राम वाटत नाही. आवडती मालिका, भजनी मंडळ, फोनवरच्या गप्पा, काहीच नको वाटतं.
- मन उदास किंवा अगदी कोरडं. काही जण रडतच नाहीत, ‘आत काहीच उरलं नाही’ म्हणतात.
- ‘मी घरच्यांवर ओझं झालोय’, ‘माझ्या कर्मानेच हे झालं’ असं सारखं वाटतं.
- पुढे काही चांगलं होईल ही आशाच संपते. डॉक्टर रिपोर्ट सुधारलाय म्हणाले तरी मनाला स्पर्श होत नाही.
- पहाटे तीन-चारला जाग येते आणि सगळ्यात वाईट वेळ तीच असते.
- लक्ष लागत नाही, साधे निर्णय होत नाहीत, हालचाल मंदावते किंवा उलट जिवाची सारखी तगमग होते.

गोंधळ कुठे होतो, तर थकवा, भूक न लागणं, वजन उतरणं आणि झोप बिघडणं ही डिप्रेशनची लक्षणं आहेत आणि केमोचीही. नुसत्या थकव्यावरून काही ठरवता येत नाही. म्हणून मनाच्या खुणांकडे बघायचं: रस गेलाय का, आशा गेलीय का, स्वतःबद्दल तिरस्कार वाटतोय का. दमलेल्या माणसाला नातीच्या वाढदिवसाला जायचं असतं, पण अंगात त्राण नसतं. डिप्रेशनमध्ये जावंसंच वाटत नाही.

पुरुषांचं वेगळं दिसतं, हे मी वॉर्डात बसून बघितलंय. ते रडत नाहीत. ताट भिरकावतात, बायकोवर ओरडतात, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. आपल्याकडे मावा-गुटख्यामुळे तोंडाचे कॅन्सर खूप. जबड्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला नीट बोलता येत नाही, नाकातल्या नळीने पातळ खाणं घ्यावं लागतं, चेहरा बदललेला असतो. त्याने पाहुण्यांसमोर यायचं टाळलं तर ‘हट्टी झालाय’ म्हणून सोडून देऊ नका. बोलता येत नसेल तर पाटी द्या, मोबाईलवर लिहायला सांगा, आणि लिहायला पुरेसा वेळ द्या. नाहीतर त्याच्या मनात काय चाललंय ते दुसऱ्या कुणाला कळणारच नाही.

२. मनाचं म्हणण्याआधी शरीराची कारणं तपासून घ्या

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. मन खचल्यासारखं दिसण्यामागे साधं शारीरिक कारण असू शकतं. डॉक्टरांना हे विचारा:

- हिमोग्लोबिन किती आहे? रक्त कमी असेल तर माणूस निपचित पडतो.
- थायरॉइड तपासलंय का? गळ्याला रेडिएशन झालेल्यांमध्ये थायरॉइड नंतर मंदावू शकतं. टीएसएच ही साधी रक्ततपासणी आहे.
- सोडियम, कॅल्शियम, बी-१२ ठीक आहे का?
- दुखणं पूर्ण थांबलंय का? रात्रभर कळा सोसणाऱ्याला आनंदी राहा म्हणणं क्रूरपणा आहे. आधी दुखण्याचं औषध वाढवून घ्या, मग मनाचं बघा. मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते सुरक्षितपणे देता येतं.
- डेक्सामेथासोन चालू आहे का? केमोबरोबर देतात ते हे स्टेरॉइड. त्याने एक-दोन रात्री झोप उडते, माणूस चिडका किंवा भलताच उत्साही होतो, आणि ते थांबलं की मन एकदम खाली येतं. दर केमोनंतर ठराविक दिवशी असंच होत असेल तर तारखा लिहून दाखवा.
- हार्मोनची औषधं चालू आहेत का? स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरमधली ही औषधं मनावर परिणाम करू शकतात. म्हणून ती परस्पर बंद करायची नाहीत, फक्त सांगायचं.

एप्रिल-मे महिन्यात आणखी एक भर. सोलापूरचा उन्हाळा धडधाकट माणसाला झोपवतो. केमोवाल्याच्या पोटात पाणी ठरत नसेल तर ग्लानी येते. तोंड कोरडं, लघवी पिवळीधमक, उभं राहिल्यावर चक्कर असं असेल तर हॉस्पिटलला कळवा.

एक धोक्याची खूण वेगळी लक्षात ठेवा. काल नीट बोलणारा माणूस आज अचानक गप्प, झोपाळू, वेळ-काळाचं भान नसलेला, मध्येच बरळणारा, संध्याकाळी जास्त बिघडणारा झाला, तर ते डिप्रेशन नसून डेलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे अचानक भान हरपणं, असू शकतं. जंतुसंसर्ग, सोडियम घसरणं किंवा औषधांमुळे हे होतं. यात ‘उद्या ओपीडीत दाखवू’ चालत नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

३. मरणाचे विचार येत असतील तर

‘देवा, आता सुटका कर’ असं कधीतरी वाटणं आणि स्वतःला संपवायचा विचार मनात घोळणं, यात फरक आहे. पहिलंही डॉक्टरांना सांगा. दुसरं असेल, त्यातही कसं करायचं इथपर्यंत विचार गेला असेल, तर ती तातडीची वेळ आहे, छातीत दुखण्याइतकीच.

रुग्णासाठी: आत्ता, याच क्षणी जवळच्या कुणाला सांगा. घरच्यांना सांगवत नसेल तर १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. १८००-८९१-४४१६ हा तिचाच दुसरा नंबर.

घरच्यांसाठी: सरळ विचारा. ‘जीव द्यावा असं वाटतंय का?’ विचारल्याने ते डोक्यात भरतं ही समजूत खोटी आहे. उलट विचारल्यावर माणसाचा बांध फुटतो आणि तो बोलतो. ‘हो’ आलं तर आरडाओरडा करू नका, शपथा घालू नका. एकटं सोडू नका. शेतीची औषधं घरात असतील तर ती घराबाहेर आणि कुलपात हलवा. कॅन्सरच्या घरात गोळ्यांचाही मोठा साठा असतो, तो एका माणसाच्या ताब्यात द्या आणि त्या दिवसापुरत्याच गोळ्या बाहेर ठेवा. मग जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. गाडी नसेल तर १०८, जिवाला लगेच धोका दिसत असेल तर ११२.

‘पोलीस केस होईल’ या भीतीने लोक लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, सरकारने त्याची काळजी घ्यायची. तेव्हा भीती बाजूला ठेवून हॉस्पिटल गाठा.

४. वही घाला आणि फाईल तयार ठेवा

ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ कमी असतो. तिथे आठवून बोलायला गेलं की निम्मं राहतं. शंभर पानी वही पुरे. रोज रात्री चार ओळी:

- आज मन कसं होतं, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काही त्रास नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. कॅन्सर हॉस्पिटलांमध्ये थर्मामीटरच्या चित्राची अशीच पट्टी वापरतात, आणि आकडा चार किंवा त्यावर गेला तर पुढे चौकशी करायची असते.
- झोप किती, जाग कधी आली.
- केमोचा कितवा दिवस.
- एखादी गोष्ट करावीशी वाटली का.

याशिवाय पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा वर आले तर डॉक्टरांना नक्की दाखवा. दहाच्या खाली आले म्हणून गप्प बसू नका, कारण नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे आणि तिथे शून्याखेरीज काहीही आलं तरी सांगायचंच. केमोवाल्यांचे झोप, भूक, थकवा या प्रश्नांतले गुण तसेही वाढतात, त्यामुळे निदान डॉक्टर करतील. आपण घरी फक्त आकडा काढायचा.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना बरोबर हे न्या:

- कॅन्सरची फाईल: बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, केमोचा तक्ता
- ताज्या रक्ततपासण्या
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, त्यात आयुर्वेदिक काढे आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्याही. यादी जमत नसेल तर सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या
- आधार कार्ड, रेशन कार्ड, जुना केसपेपर
- ही वही
- पूर्वी कधी मनाचा आजार, फिट, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास झाला असेल तर त्याचे कागद
- दारू किती, कधीपासून, हे खरं लिहिलेली चिठ्ठी

५. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा

परस्पर मानसोपचाराला जाण्याआधी हे करा, कारण शरीराची कारणं तेच तपासू शकतात आणि दोन औषधांची टक्कर त्यांनाच आधी दिसते.

काय बोलायचं? ‘डॉक्टर, जरा टेन्शन येतंय’ म्हटलं तर उत्तर येतं, ‘येणारच, काळजी करू नका.’ मलाही एके ठिकाणी हेच उत्तर मिळालं आणि वर देवाचं नाव घ्यायचा सल्लाही. देवाचं नाव मी घेतच होते. म्हणून मोघम बोलू नका. असं म्हणा:

‘डॉक्टर, तीन आठवड्यांपासून मला कशातच रस वाटत नाही. पहाटे जाग येते. जेवण जात नाही ते मळमळीमुळे नाही. केमो सोडून द्यावी असं वाटतंय. मला मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी द्या आणि हे केसपेपरवर लिहा.’

केमो सोडायचा विचार येत असेल तर ते वाक्य वगळू नका. डिप्रेशनमुळे लोक तारखा चुकवतात, गोळ्या घेत नाहीत, आणि मग कॅन्सरचा उपचारच फसतो. ते ऐकल्यावर कोणताही ऑन्कोलॉजिस्ट मान वर करून बघतो.

बोलायला धीर होत नसेल तर हेच कागदावर लिहा आणि टेबलावर ठेवा. आणि बरोबर आलेला मुलगा किंवा जाऊबाई आपल्याऐवजी उत्तरं देत असतील, ‘नाही नाही, छान आहेत त्या’, तर डॉक्टरांना सरळ म्हणा, ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय.’ त्यात कुणाचा अपमान होत नाही.

६. सोलापुरात जायचं कुठे

जिथे केमो चालू आहे तिथे समुपदेशक किंवा मानसोपचार विभाग आहे का, हे पहिलं विचारा. टाटाला किंवा पुण्याला उपचार असतील तर तिथल्या पुढच्या फेरीतच ही भेट जोडून घ्या, वेगळा प्रवास वाचतो. पण तिथली तारीख लांब असेल तर वाट बघत बसू नका. सोलापुरात सुरू करा आणि कागद तिकडे दाखवा.

शहरात सरकारी सोय म्हणजे आपलं सिव्हिल: श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला ते जोडलेलं आहे. तिथे मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपरची रांग सकाळी लवकर लावा, आणि केमो चालू असेल तर मास्क लावून जा, रांगेत आपल्याऐवजी नातेवाइकाला उभं करा. गर्दीतला खोकला आपल्याला परवडत नाही.

बार्शीकडच्या लोकांना नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल जवळचं. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली, म्हणजे खेड्यातला रुग्ण आणि त्याच्या अडचणी तिथे नव्या नाहीत. पुढच्या तारखेला गेलात की मनाच्या त्रासाबद्दल तिथेच विचारा.

कुणाचं काम काय, यात फार घोळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्यात शिकलेले डॉक्टर, या तिघांत औषध तेच देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. सौम्य त्रासात नुसतं बोलणं पुरतं, जास्त असेल तर दोन्ही लागतं. पाटीवर नुसतंच ‘काउन्सेलर’ असेल तर शिक्षण विचारा, लाजू नका.

भाषेचाही विचार करा. आपल्या गावात घरात तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, उर्दू बोलणारे कितीतरी. पूर्व भागातल्या एखाद्या अक्का मराठीत ‘बरं आहे’ म्हणतात आणि लेकीशी तेलुगूत बोलताना हुंदके देतात. मनातलं ज्या भाषेत बोलता येतं त्या भाषेतला माणूस मागा. टेली-मानसवरही भाषा निवडता येते.

‘वेड्याच्या डॉक्टरकडे गेली’ असं लोक म्हणतील, ही भीती खरी आहे. कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. शेजाऱ्यांनी विचारलं तर ‘केमोच्या त्रासासाठी दाखवलं’ म्हणा. ते खोटंही नाही.

७. गोळ्या सुरू झाल्या तर

पहिली गोष्ट, या गोळ्यांचा गुण लगेच दिसत नाही. दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा आठवडेही. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता होऊ शकते, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोक ‘मानवलं नाही’ म्हणून सोडतात. अस्वस्थता फार वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन करा.

दुसरी, टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरमधली हार्मोनची गोळी) घेणाऱ्या बायकांनी हे लिहूनच ठेवा. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनवरच्या गोळ्या शरीरात टॅमॉक्सिफेनचं कामाच्या रूपात पुरेसं रूपांतर होऊ देत नाहीत. म्हणून ‘मी टॅमॉक्सिफेनवर आहे’ हे मानसोपचारतज्ज्ञांना पहिल्याच वाक्यात सांगा. व्हेनलाफॅक्सिनसारखे दुसरे पर्याय असतात. भूक आणि झोप दोन्ही गेली असतील तर काही वेळा डॉक्टर मिर्टाझापिन विचारात घेतात, कारण त्याने झोप आणि भूक वाढते. उलटीवरची ऑन्डॅनसेट्रॉन चालू असेल तर तेही सांगा. काही गोळ्यांबरोबर ती घेताना हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं, ईसीजी काढतात.

तिसरी, डिप्रेशनवरच्या गोळ्यांची चटक लागत नाही. चटक लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या नि घाबरेपणाच्या गोळ्यांची, आणि गंमत म्हणजे लोक त्याच मेडिकलमधून परस्पर आणतात. थोड्या दिवसांसाठी डॉक्टर देतील तेवढ्याच घ्या.

आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. बरं वाटू लागल्यानंतरही साधारण सहा महिने चालू ठेवायला सांगतात, मग हळूहळू कमी करतात. एकदम सोडलं की चक्कर, अंगात झिणझिण्या, चिडचिड होते.

काढे, भस्मं, दोरे-गंडे: श्रद्धा असेल तर दोऱ्याला माझी हरकत नाही. पोटात जाणाऱ्या वस्तूला आहे. केमोच्या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही पिऊ नका. ‘केमो बंद करा, मी बरं करतो’ म्हणणारा भेटला तर तिथून उठा. दारूने झोप लागते असं वाटतं, पण ती मनाला आणखी खाली नेते.

८. गोळीबरोबर रोज करायच्या गोष्टी

इथे उलटा नियम चालतो. इच्छा झाली की करू, म्हणून थांबलं तर इच्छा होत नाही. आधी छोटं काम करायचं, इच्छा मागून येते. समुपदेशकही असंच शिकवतात.

काम इतकं छोटं ठरवा की ‘नाही जमलं’ म्हणायला जागाच राहू नये. दात घासून उन्हं चढायच्या आत अंगणात दहा मिनिटं बसणं. तुळशीला पाणी. बरं वाटेल त्या दिवशी पहाटे कंबर तलावाच्या काठाने थोडं चालणं. चालण्याने केमोचा थकवा कमी होतो, वाढत नाही. फक्त रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती आहेत ते डॉक्टरांना विचारून जा. मी कारखान्यातून हिशेबाच्या वह्या घरी मागवल्या होत्या, रोज एक पान. गुंड्या लावायचं कामही करून पाहिलं, पण केमोमुळे बोटांची टोकं बधिर झालेली, सुई सुटायची. तसं होत असेल तर बोटांचं काम निवडू नका. नाहीतर हेही जमत नाही म्हणून मन आणखी बसतं.

विडी वळणाऱ्या बायकांचं दुःख वेगळं. हात थांबले की त्या दिवसाची मजुरी थांबते. ‘मी ओझं’ हा विचार त्यांच्या बाबतीत नुसता विचार नसतो, घरातला हिशेबच तसा असतो. अशा वेळी समुपदेशनाइतकंच पैशाचं ओझं हलकं करणं महत्त्वाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, केमो-रेडिएशन त्यात येतं. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, नाहीतर १५५३८८ ला विचारा. उपचारासाठी रेल्वेने जाताना कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलकडून तो फॉर्म भरून घ्या. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने टाटाच्या फेऱ्या करणाऱ्यांना हे माहीतच असतं, पण नवीन लोकांना कुणी सांगत नाही.

जानेवारीत केमो आली तर गड्डा यात्रा चुकते. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, त्या दिवसांत गर्दीत जाणं धोक्याचं. अख्खं गाव नंदीध्वजाच्या मिरवणुकीला आणि आपण खिडकीत, हे जड जातं. आधीच ठरवून ठेवा: त्या दिवशी घरी कोण थांबणार, कडक भाकरीचा बेत काय, व्हिडिओ कॉल कोण लावणार. सणाचे दिवस मोकळे सोडू नका.

९. घरच्यांनी काय बोलावं, काय नाही

‘पॉझिटिव्ह राहा’ हे वाक्य बंद करा. हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं की गाठ वाढली तर तीही माझ्याच रडण्यामुळे. मन खंबीर ठेवलं म्हणून गाठ विरघळत नाही, आणि रडलं म्हणून वाढत नाही. उपचार औषधाने होतात.

त्याऐवजी ‘आज जास्त जड जातंय का?’ एवढं विचारा आणि उत्तराची वाट बघा. गप्प बसून शेजारी शेंगा सोलत बसलात तरी चालतं. भेटायला येणारे आपापल्या गल्लीतल्या गेलेल्या माणसांच्या कहाण्या सांगायला लागले की त्यांना चहाच्या निमित्ताने आत न्यायचं काम एकाने अंगावर घ्यावं. आमच्याकडे ते काम माझ्या वहिनीने केलं, आणि फार कडक केलं.

‘त्याला कॅन्सर आहे सांगू नका’ असं ठरवणारी घरं अजून आहेत. रुग्णाला बहुतेक वेळा कळलेलं असतं, फक्त बोलायला कुणी उरत नाही. किती सांगायचं ते त्यालाच विचारा.

सांभाळणाऱ्यालाही डिप्रेशन येतं. रात्री जागणारी बायको, नोकरीवर रजा टाकून बसलेला मुलगा, यांनीही पायरी १ स्वतःसाठी वाचावी. आठवड्यातून एक संध्याकाळ दुसऱ्याने ड्युटी घ्यावी.

१०. उपचार संपल्यावर गाफील राहू नका

शेवटची केमो झाली की घरात पेढे येतात, आणि काहींचं मन नेमकं तेव्हाच कोसळतं. इतके महिने तारखा होत्या, डॉक्टर होते, आता रिकामे दिवस आणि ‘परत आला तर?’ दर तपासणीच्या आधीच्या आठवड्यात झोप उडते. असं होतं हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ‘आता काय झालं रडायला’ ऐकावं लागणार नाही.

वही चालू ठेवा, रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे. तपासणीच्या तारखेला कॅन्सरच्या डॉक्टरांना मनाचा आकडा सांगा. गळ्याला रेडिएशन झालं असेल तर टीएसएच सहा ते बारा महिन्यांनी करून घ्या. मनाच्या गोळ्या चालू असतील तर त्या कमी करायची तारीख मानसोपचारतज्ज्ञांकडून लिहून घ्या, आणि तो कागद कॅन्सरच्या फाईलमध्येच लावा.